हवाई प्रवासाचा हिशेब : मुंबई ते दुबई

कापडाच्या मापात चूक झाली तर तोटा लगेच दिसतो. वेळेच्या मापात झालेली चूक मात्र सौदा हातचा गेल्यावरच कळते. भिवंडी, मालेगावचे व्यापारी नमुने घेऊन दुबईला जातात. "तीन तासांचा तर प्रवास आहे, दुपारी भेटतो," असा शब्द देण्यापूर्वी त्यांनी पुढील हिशेब पाहावा.

१) अंतर : मुंबई आणि दुबई या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. वैमानिक हे सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर; त्या मापाने हे १,०४० सागरी मैल भरते. हे सर्वांत जवळचे अंतर झाले. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जाते, म्हणून थोडे जास्त उडते.

२) उड्डाणाचा वेळ : उंचीवर गेल्यावर प्रवासी विमान ताशी ८०० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. ताशी ८५० धरले तर सव्वादोन तास होतात. मग वेळापत्रकात तीन-सव्वातीन तास का? कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, चढणे, उतरणे हे सर्व त्यात आले. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीशी असतो. म्हणून परतीला वेळ कमी लागतो.

३) घड्याळ : दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि तिकिटावर त्या त्या ठिकाणची वेळ छापतात. समजा, मुंबईहून सकाळी १० ला निघालो आणि सव्वातीन तास लागले, तर दुबईत पावणेबारा वाजलेले असतील. परतताना तेथून १० ला निघालो आणि दोन तास पन्नास मिनिटे लागली, तर मुंबईत २ वाजून २० मिनिटे होतील. घड्याळ पाहणाऱ्याला जाणे पावणेदोन तासांचे आणि येणे चार तास वीस मिनिटांचे वाटेल. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

४) दारापासून दारापर्यंत : खरा हिशेब हा आहे. मालेगावच्या व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ.

मुंबईपर्यंत रस्त्याने : ६ तास
विमानतळावर आधी पोहोचणे : ३ तास
विमान : सव्वातीन तास
तपासणी व सामान : सव्वा तास
देरा बाजारापर्यंत : अर्धा तास
एकूण : १४ तास

म्हणजे विमानाचा वाटा पाव हिश्श्याहूनही कमी आहे. भाडे वाचवण्यासाठी मध्ये विमान बदलावे लागणारे तिकीट घेतले, तर थांबण्याचे तास यात आणखी मिळवावेत.

५) वार : २०२२ पासून तेथील सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते. कागदपत्रांचे काम असल्यास गुरुवारी रात्री पोहोचून फारसे साधत नाही.

आमचे सांगणे एवढेच की, तिकीट काढताना विमानतळाचे नावही नीट वाचावे, कारण दुबईत दोन विमानतळ आहेत आणि मुंबईकडेही २०२५ पासून नवी मुंबईचा दुसरा विमानतळ सुरू झाला आहे. आणि भेटीची वेळ पोहोचण्याच्या दिवसाची न देता दुसऱ्या दिवशी सकाळची द्यावी. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च होईल, पण दिलेला शब्द पाळला जाईल. व्यापारात पत यावरच टिकते.