लिंबात वीज असते का?

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. एका मेजावर चार लिंबे मांडली होती. प्रत्येकात तांब्याची एक व जस्ताची एक पट्टी खोचून ती तारांनी एकसरीत जोडली होती. शेवटी विजेरीचा छोटा दिवा होता आणि वर पाटी होती : ‘लिंबातील वीज’. दिवा मात्र लागत नव्हता. आठवीतला तो मुलगा रडकुंडीला आला होता. “सर, लिंबे शिळी आहेत. त्यांतली वीज संपली असणार,” तो म्हणाला.

मी मल्टिमीटर लावून पाहिला. त्याने सुमारे साडेतीन व्होल्ट दाखवले! मग एका लिंबात दोन्ही पट्ट्या तांब्याच्या खोचायला सांगितल्या. आता वाचन जवळजवळ शून्य. लिंबू तेच, रस तोच. मग वीज गेली कोठे?

या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम एक सोपा प्रयोग पाहू.

देणारा आणि घेणारा

काचेच्या पेल्यात मोरचुदाचे निळे द्रावण घ्या. (मोरचूद विषारी आहे. प्रयोग शिक्षकांसमोर करा आणि नंतर हात धुवा.) त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवा. थोड्याच वेळात खिळ्यावर तांबूस थर चढतो. खिळ्याऐवजी जस्ताची पट्टी घेतली तर ही क्रिया अधिक जोमाने होते, द्रावणाचा निळा रंग फिका होत जातो आणि द्रावण थोडे गरमही होते.

येथे काय घडते? जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि आयन बनून द्रावणात उतरतो. द्रावणातील तांब्याचा आयन ते दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि तांबे होऊन पट्टीवर बसतो.

जस्त → जस्ताचा आयन + २ इलेक्ट्रॉन
तांब्याचा आयन + २ इलेक्ट्रॉन → तांबे

इलेक्ट्रॉन देणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि इलेक्ट्रॉन घेणे म्हणजे क्षपण. देणारा असेल तर घेणाराही हवाच. म्हणून या दोन्ही क्रिया नेहमी जोडीनेच होतात. नावात ऑक्सिजन असला तरी येथे ऑक्सिजनचा काहीही संबंध नाही, हेही ध्यानात ठेवा.

इलेक्ट्रॉनांना लांबच्या वाटेने नेणे

वरील प्रयोगात इलेक्ट्रॉन जस्ताकडून थेट तांब्याच्या आयनाकडे गेले आणि सुटलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया गेली. आता समजा, देणारा आणि घेणारा यांना वेगळे ठेवले आणि त्यांच्यामध्ये तार जोडली, तर? इलेक्ट्रॉनांना तारेतूनच जावे लागेल. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच विद्युतप्रवाह.

इंग्लंडमधील जॉन डॅनियल याने १८३६ साली नेमके हेच साधले. त्याने तांबे मोरचुदाच्या द्रावणात ठेवले आणि जस्त दुसऱ्या द्रावणात. मधे सच्छिद्र भिंत ठेवली. तिच्यामुळे द्रावणे सहजासहजी मिसळत नाहीत, पण आयन पलीकडे जाऊ शकतात. ही वाट बंद केली तर एका बाजूला धनभार आणि दुसऱ्या बाजूला ऋणभार साचून प्रवाह लगेच थांबेल. बाहेर इलेक्ट्रॉन आणि आत आयन, असे वर्तुळ पूर्ण व्हावे लागते. या घटाचा दाब सुमारे १.१ व्होल्ट असतो. तारायंत्रांसाठी तो पुढे बराच वापरला गेला.

थोरांचीही चूक

प्रदर्शनातल्या त्या मुलाने वाईट वाटून घेण्याचे कारण नव्हते. इटलीतील बोलोन्याच्या गॅल्व्हानी यानेही तशीच चूक केली होती. दोन धातूंचा स्पर्श होताच मेलेल्या बेडकाचा पाय आखडतो असे त्याला दिसले. वीज बेडकातच आहे, असे त्याने १७९१ साली प्रसिद्ध केले. व्होल्टाने बेडूक काढून टाकला. जस्त आणि चांदी यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून त्याने १८०० साली आपली प्रसिद्ध चळत जाहीर केली. मात्र वीज केवळ धातूंच्या स्पर्शाने निर्माण होते, असे त्याला वाटे. खरे कारण रासायनिक क्रिया आहे, हे स्पष्ट व्हायला आणखी बरीच वर्षे लागली.

पुन्हा लिंबाकडे

लिंबातही जस्तच इलेक्ट्रॉन देते आणि झिजते. रसात तांब्याचे आयन नसतात. म्हणून तांब्याच्या पट्टीपाशी इलेक्ट्रॉन घेण्याचे काम आम्लातील हायड्रोजनचे आयन करतात. म्हणजे लिंबू हा विजेचा साठा नव्हे. ते घेणारे आयन पुरवते आणि आतली वाट मोकळी ठेवते. दोन्ही पट्ट्या तांब्याच्या असतील तर देणारा कोणीच उरत नाही.

मग दिवा का लागला नाही? साडेतीन व्होल्ट असले तरी लिंबाचा अंतर्गत रोध फार मोठा असतो. त्यामुळे प्रवाह एक-दोन मिलिअँपिअरपलीकडे क्वचितच जातो. विजेरीच्या दिव्याला सुमारे ३०० मिलिअँपिअर लागतात. त्याच चार लिंबांवर लाल एलईडी मात्र मंद का होईना, उजळतो. आम्ही तो लावून पाहिला आणि मुलाचा चेहराही उजळला. पाटी त्याने स्वतःच बदलली : ‘जस्तापासून वीज’.

जस्ताचे सामर्थ्य केवढे, ते गणिताने पाहा. सुमारे ६५ ग्रॅम जस्त १,९३,००० कुलोम विद्युतभार देते. म्हणजे १ ग्रॅम जस्त सुमारे २,९५० कुलोम. या हिशेबाने ३०० मिलिअँपिअर प्रवाह जवळजवळ पावणेतीन तास मिळेल. जस्त तर लिंबातही भरपूर होते. अडचण होती ती वाटेची.

विचार करा

१. लिंबाऐवजी चिंचेचा कोळ किंवा मिठाचे पाणी घेतले तर एलईडी लागेल का? करून पाहा.
२. प्रयोगात वापरलेली लिंबे खाऊ नयेत. का?
३. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीवर ओरखडा पडला, तरी उघडे पडलेले लोखंड लगेच गंजत नाही. येथे देणारा कोण?