आधी ओळख, मग साक्ष

अकोल्याच्या एका वाचकाचा प्रश्न : डबा खाताना सहकारी विश्वासाबद्दल विचारतात, तेव्हा जीभच उचलत नाही. येशूविषयी बोलायचं धाडस कसं यावं?

उत्तर : साक्ष द्यायला वक्तृत्व लागत नाही. कवी नारायण वामन टिळकांचंच बघा. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या, त्याही सुरुवातीला संस्कृत काव्यावर. त्याने नवा करार हाती दिला. गिरिप्रवचनाने टिळक भारावले आणि १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर मात्र तो आघातच होता. त्यांचा बाप्तिस्मा १९००चा! मधली पाच वर्षं घाई करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावीत. पुढे टिळकांनी अभंग आणि कीर्तन जवळ केलं. मराठी कानांना तीच वाट ओळखीची होती.

साक्ष देताना कायद्याचंही भान असू द्या. संविधानाच्या २५व्या कलमात धर्मप्रसाराचा हक्क आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं. आमिष, दबाव तर मुळीच नको.

तेव्हा विचारणाऱ्याला स्वतःच्या अनुभवाची चार वाक्यं सांगावीत, मग त्याचंही मनापासून ऐकावं. एखादं उत्तर येत नसेल, तर तसं मोकळेपणी सांगून पाळकांना विचारून घ्यावं.