फरशीला आंबट नको

आमच्या वाशीकडे घर साफ करायला घेतलं की पहिला त्रास पाण्याचाच होतो. बोअरचं पाणी जड. बादलीच्या आतून, नळाच्या तोंडाशी, न्हाणीच्या फरशीवर पांढरा थर धरतो. साबणाला फेस येत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की हे सगळं वाढतं. तो थर नुसत्या घासण्यानं निघत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘ॲसिड टाका, एका झटक्यात निघतं.’ 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं ॲसिड घरोघरी सापडतं.

घट बसायच्या आधी आमच्याकडे भांडीकुंडी, गोधड्या, वाकळा सगळं धुऊन निघतं. अशाच एका नवरात्राच्या आवरासावरीत माझ्या मोठ्या जाऊबाईंनी न्हाणीतल्या शेवाळावर ब्लिचिंग पावडर टाकली होती. शेवाळ निघालं, पांढरे डाग राहिले, म्हणून वरून ॲसिड ओतलं. पोरं आत येऊ नयेत म्हणून दार लावलेलं. मी खोकल्याचा आवाज ऐकून दार ढकललं तेव्हा त्या भिंतीला धरून बसल्या होत्या आणि माझेही डोळे लगेच चुरचुरायला लागले. त्यांना अंगणात आणलं, गाडी बोलावली, दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. जीव वाचला, पण खोकला पार दिवाळीपर्यंत राहिला. तेव्हापासून गल्लीत कुणाच्याही घरी साफसफाई निघाली की मी आधी विचारते, आत काय काय टाकलंय?

झालं ते असं. ब्लिचिंग पावडरमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी, बेल्जियममधल्या ईप्रजवळ सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. आणि फरशी घासणारी बाई खालीच बसलेली असते. संडास धुण्याच्या बहुतेक निळ्या बाटल्यांतही तेच आम्ल असतं, तेव्हा ‘मी ॲसिड वापरत नाही’ असं म्हणून भागत नाही. काच पुसायच्या अमोनियाच्या द्रावणाशीही ब्लिच मिसळू नये. एका वेळी एकच वस्तू वापरायची, दार-खिडकी उघडी ठेवायची, आणि दुसरं काही लावायचं तर आधी भरपूर पाण्यानं धुवायचं.

पण मुळात ॲसिडची गरजच कमी पडते. पांढरा थर म्हणजे मुख्यतः चुन्याचाच प्रकार, आणि तो साध्या आंबटानं विरघळतो. किराणा दुकानात लिंबूसत मिळतं. लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे टाका, त्यात फडकं भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग घासा. बादलीला, स्टीलच्या भांड्याला तेच. तांब्या-पितळेला चिंच किंवा लिंबू-मीठ आपल्या आज्यांपासून चालत आलंय.

फरशीच्या बाबतीत मात्र थांबा. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, आणि शहाबादी हा चुनखडीचाच दगड आहे. जे आंबट नळावरचा थर खातं, ते फरशीही खातं. ॲसिड पडलं की फेस येतो, लोकांना वाटतं मळ निघतोय. खरं तर दगड निघत असतो. वरची गुळगुळीत पातळी गेली की फरशी खरखरीत होते आणि पुढे दुप्पट मळ धरते. सासूबाई म्हणायच्या, ‘अगं, भांड्याला चिंच लाव, फरशीला नको.’ तीच गोष्ट संगमरवराची. शहाबादीला रिठ्याचं पाणी उत्तम. मूठभर रिठे रात्री भिजवा, सकाळी उकळून गाळा. जड पाण्यात साबण फुटतो तसा रिठा फुटत नाही. फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतो.

स्वयंपाकघरातला तेलकट चिकटा आंबटानं जात नाही, त्याला सोडा लागतो. ओट्याला खाण्याचा सोडा पुरतो; जुन्या चिकट डब्यांना धुण्याचा सोडा, पण हातमोजे घालून, आणि ॲल्युमिनियमला अजिबात नाही, ते काळं पडतं. सोडा आणि लिंबू एकत्र करून फसफसवायची हल्ली फार हौस आहे. धोका नाही, पण उपयोगही नाही. आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात आणि हाती जवळजवळ नुसतं पाणी उरतं.

गावातल्या दोन शोषखड्ड्यांच्या संडासात तर ॲसिड आणि फिनाईल दोन्ही हात राखून वापरा. खड्ड्यातला मैला कुजवून खत करणारे जिवाणू त्यानं मरतात. ब्रश आणि थोडी साबणाची पावडर रोज फिरवली की थर धरतच नाही.

रसायन कधीच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या असतील तर ती जागा लिंबानं निर्जंतुक होत नाही. तिथे ब्लिचिंगच हवं, एकटं, साध्या पाण्यात, हातमोजे घालून. घरगुती आहे म्हणून सगळं बिनधोक, हेही खरं नाही. आणि काहीही भरून ठेवायला थंड पेयाची बाटली किंवा फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा घेऊ नका. पोरं बाटलीचा आकार ओळखतात, आतलं काय ते नाही.

तरीही झालंच काही, तर वायू लागलेल्या माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा. अंगावर किंवा डोळ्यांत ॲसिड उडालं तर कपडे काढून पंधरा-वीस मिनिटं वाहतं पाणी. वरून सोडा चोळू नका. कुणी प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, येताना ॲसिड पुन्हा घसा जाळतं. तोंड धुवा, 108 ला फोन करा, बाटली सोबत न्या.

आणि पावसाळ्यात एक करून बघा. पहिल्या एक-दोन सरींनी पत्र्यावरची धूळ वाहून जाऊ द्या, मग पागोळ्यांखाली पिंप लावा आणि झाकून ठेवा. ते पाणी हलकं असतं, थोड्या साबणात फेस येतो आणि डाग मागे राहत नाहीत. धुण्या-पुसण्याला तेच वापरा. बोअरचं वापराल तेव्हा काम झाल्यावर नळ, ओटा, बादली कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, कारण थर धरतो तो पाणी जागच्या जागी वाळल्यावरच.