पोटखराब्यातली संपत्ती

विद्यार्थ्यांना घेऊन डोंगर, सडे आणि खाणी हिंडताना जे उमजत गेलं, त्यातलं थोडं.

१. दगडासाठी कोणी मोर्चा काढत नाही. वाघ किंवा निदान एखादं फुलपाखरू दाखवता आलं, तर लोक जागा राखायला तयार होतात. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे बहुकोनी खांब, उंची दोनशे फुटांच्या आसपास. आजूबाजूचा दगड फोडून नेला, इमारती पायथ्याला भिडल्या. सुळका टिकला त्यात माथ्यावरच्या गावदेवीचा वाटा कायद्याइतकाच असावा, असं माझं मत. निघोजला कुकडीच्या रांजणखळग्यांशेजारीही मळगंगा आहेच. भूवैज्ञानिकांनी देवींचे आभार मानायला हरकत नाही.

२. सड्यावर झाडं लावू नका. हे सांगितलं की पर्यावरणप्रेमीच आधी रागावतात. कोकणातला जांभ्याचा सडा सातबारावर पोटखराबा, उन्हाळ्यात तापलेला तवा. पाऊस पडला की खाचखळग्यांत पाणी साठतं आणि बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं फुलतात. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती. कातळावरच्या मातीत पोषण नाही, म्हणून ती बारीक जीव पकडून भागवते. म्हणजे कातळाचं दारिद्र्य हेच या फुलांचं भांडवल. तिथे ट्रकभर माती आणि शेणखत टाकून रोपं लावली, की तण माजतं आणि मूळची मंडळी हटतात. कासच्या पठारालाही हेच लागू. याच जांभ्यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं आहेत. चिरेखाणीचं यंत्र फिरलं तर दगड आणि चित्र एकदमच जातं.

३. खाणवाल्याशी भांडून काही साधत नाही. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट हे गडद निळं खनिज मिळालं. जगभरच्या संग्राहकांना वाघोलीचं नाव त्यामुळे ठाऊक आहे, पुणेकरांना फारसं नाही! खाण नसती तर तो निळा रंग दिसला नसता, आणि खाण असल्यामुळेच त्यातला कितीतरी खडीत गेला असणार. आपल्या घरालाही खडी लागतेच. म्हणून माझी मागणी छोटी असते : खोदकाम संपताना एक चांगली उभी बाजू तशीच ठेवा, राडारोड्याने बुजवू नका.

४. दगड जागेवर असला तर त्याला पुन्हा प्रश्न विचारता येतो. लोणारच्या विवराचं वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षं मानत. पुढे आर्गॉन पद्धतीने तिथल्या खडकांची तपासणी झाली, तेव्हा ते साडेपाच लाखांच्या पुढे गेलं.

५. पोरांच्या हातात हातोडी देऊ नका, भिंग द्या. खाली पडलेले तुकडे पाहायला पुरेसे असतात.

६. युनेस्कोने २०२१ मध्ये ६ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन ठरवला. त्या सुमारास मुलांना जवळच्या घाटात न्या आणि सुरक्षित जागी थांबून रस्त्यासाठी कापलेला डोंगर दाखवा. काळ्या थरांमध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा दिसेल. लाव्हाचा एक थर निवून पुढचा येईपर्यंत मध्ये गेलेल्या काळाची ती खूण. तो पट्टा मुलांनाच शोधू द्या, आणि गाडी डांबरावरच उभी करा, सड्यावर चढवू नका.