चॉपस्टिक विकायच्यात? आधी महिनाभर त्यांनी जेवून बघा

मागच्या शनिवारी सानपाड्याची बॅच सुटली आणि एक ताई मागे थांबल्या. मोबाईलवर एक फोटो दाखवला. चकचकीत स्टीलच्या चॉपस्टिक, मधून उघडणाऱ्या, सोबत छोटी प्लास्टिकची डबी. म्हणाल्या, "सर, पाचशे सेट घेतले तर एकशेवीसला पडतायत. साठ हजार होतात. आरडी मोडते. घेऊ ना?"

मी विचारलं, "ताई, तुम्ही यांनी कधी जेवलात का?"

"छे हो. मला तर धरतापण येत नाहीत."

साठ हजार म्हणजे त्यांची दोन वर्षांची बचत. म्हणून आजचा धडा जरा सावकाश वाचा. चॉपस्टिक हे निमित्त आहे, पण मी बोलणार चॉपस्टिकबद्दलच. कारण वस्तू नीट कळल्याशिवाय "मार्केटिंग कसं करू" हा प्रश्न विचारायलाच नको.

आयडिया वाईट नाही, हे आधी सांगतो. आपल्याकडे महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि १ जुलै २०२२ पासून देशभरात एकदाच वापरायचे प्लास्टिकचे चमचे, काटे, ताटल्या, स्ट्रॉ यांवर बंदी आली. त्या जागी लाकडी चमचे आले. ते तोंडात घातले की आइस्क्रीमच्या काडीची चव येते आणि गरम ग्रेव्हीत नरम पडतात. मग स्वतःचा चमचा, स्वतःच्या चॉपस्टिक बॅगेत ठेवणारा माणूस तयार होतोय. चीनने तर लाकडी डिस्पोजेबल चॉपस्टिकवर २००६ पासून पाच टक्के कर लावला होता, इतकं लाकूड त्यात जायचं. म्हणजे पुन्हा वापरायच्या चॉपस्टिकला जगात गिऱ्हाईक आहे. प्रश्न सानपाड्यातल्या गिऱ्हाइकाचा आहे.

तर संध्याकाळी सात वाजता स्टेशनबाहेर अर्धा तास उभे राहा. हार्बरची गाडी येते, ठाण्याकडची येते, माणसं उतरतात. लोकलमध्ये उभ्याने कोणी चॉपस्टिकने जेवणार नाही, ते चित्र डोक्यातून काढून टाका. खाणं होतं ते चायनीजच्या गाडीवर, मोमोच्या स्टॉलवर आणि सगळ्यात जास्त ऑफिसच्या टेबलावर. आता गाडीवर काय देतात ते बघा. हक्का नूडल्स, ड्राय मंचुरियन, मोमो: हे चॉपस्टिकने मस्त जमतं. पण ट्रिपल शेजवान? आपला तांदूळ लांब आणि मोकळा. चीन-जपानमधला भात चिकट असतो आणि वाटी तोंडाजवळ नेऊन खातात. आपल्याकडे पसरट प्लेट. मोकळा भात पसरट प्लेटमधून चॉपस्टिकने खाणं म्हणजे उपास करण्यासारखंच.

यातून पहिला निर्णय निघतो. नुसत्या चॉपस्टिक विकू नका, सोबत चमचा हवाच. आणि जाहिरातीत राइस दाखवू नका; नूडल्स, मोमो, कापलेली पपई-अननस, पनीर चिलीचे तुकडे दाखवा. एक गंमत सांगतो. ऑफिसात काम करणारी बरीच पोरं वेफर्स चॉपस्टिकने खातात, कीबोर्ड तेलकट होऊ नये म्हणून. हे ऐकून मी हसलो होतो. नंतर स्वतः करून बघितलं आणि आता सोडवत नाही. गिऱ्हाईक वस्तू कशासाठी वापरेल हे तुम्ही ठरवत नसता.

आता वस्तूकडे येऊ. लांबी आधी बघा. चिनी चॉपस्टिक लांब, साधारण २५ सेंटीमीटर किंवा जास्त, कारण मध्ये ठेवलेल्या भांड्यातून सगळे घेतात. जपानी आखूड आणि टोकाला निमुळत्या. कोरियन धातूच्या आणि बऱ्याचदा चपट्या. आपल्या मापासाठी जपानी लोकांचा जुना हिशोब सोपा आहे: अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणा, दोन्ही टोकांमधलं अंतर मोजा, त्याची दीडपट करा. माझं अंतर १५ सेंटीमीटर येतं, म्हणजे साडेबावीसची काडी. घरातल्या चार जणांची मापं घ्या, बहुतेक २१ ते २४ मध्ये येतील. प्रवासाच्या म्हणून १८ सेंटीमीटरच्या विकतात, त्या बॅगेत छान बसतात पण मोठ्या माणसाच्या हातात टूथपिकसारख्या वाटतात. ताईंच्या फोटोतल्या १८ च्याच होत्या. वर्णनात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

मग टोक. गुळगुळीत गोल स्टीलवरून तेलकट नूडल सुळ्ळकन निसटते. टोकाकडच्या तीन-चार सेंटीमीटरला बारीक खाचा किंवा खरखरीतपणा हवा. आणि मागचा भाग चौकोनी किंवा चपटा असेल तर टेबलावरून घरंगळत नाही. नवशिक्या गिऱ्हाइकासाठी हे फार मोठं आहे, कारण पहिल्या दिवशी नूडल तीनदा पडली की तो सेट ड्रॉवरमध्ये जातो आणि तुमचं नाव घेऊन जातो.

जोडावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथे मी स्वतः पैसे घालवलेत. काही वर्षांपूर्वी एका ठोक व्यापाऱ्याकडून आट्यांच्या चॉपस्टिक घेतल्या होत्या, दोनशे जोड. दिसायला एक नंबर. दोन महिन्यांत फोन सुरू झाले. आट्यांमध्ये शेजवान सॉस शिरतो, वाळतो, आणि मग जोड एकतर घट्ट बसतो नाहीतर नीट आवळतच नाही. खाताना मधूनच काडी डगमगते. काहींच्या जोडाला तांबूस डाग आले. व्यापारी म्हणाला, "धुवून ठेवायचं ना!" त्याचं बरोबरच होतं, पण धुवायचं कुठे? गाडीवर नळ नसतो. त्यातले सत्तरएक जोड अजून माझ्या माळ्यावर आहेत.

म्हणून जोडाचा सेट घ्यायचाच असेल तर आटे धातूचे हवेत, प्लास्टिकचे नकोत, आणि पूर्ण उघडल्यावर टूथब्रशने आतपर्यंत घासता आले पाहिजेत. माझं मत विचाराल तर सरळ, न जोडलेली २२ ची काडी आणि लांबट डबी. बॅगेत पेनासारखी राहते. मोडायला त्यात काही नाही.

आता स्टील. विक्रेता म्हणतो "तीनशेचार आहे, लोहचुंबक लावून बघा, चिकटत नाही." ही चाचणी अर्धवट आहे, नीट समजून घ्या. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, आणि तेसुद्धा लोहचुंबकाला चिकटत नाही! उलट अस्सल ३०४ ची तार ओढून, ठोकून काडी केली तर ती थोडी चिकटू शकते. म्हणजे चुंबकाने ३०४ आणि २०२ मधला फरक कळत नाही. घरी एवढं करा: मिठाच्या पाण्यात लिंबू पिळा, नमुना तीन दिवस बुडवून ठेवा, जोड आणि टोक तपासा. ही प्रयोगशाळा नाही, पण वाईट माल बऱ्याचदा इथेच उघडा पडतो. मोठी ऑर्डर द्यायच्या आधी ग्रेडचं चाचणी प्रमाणपत्र बिलासोबत लेखी मागा. पायधुनीच्या तांबाकाट्यावर भांड्यांच्या व्यापाऱ्यांमध्ये एक चक्कर मारून या, वजनाने हात तयार होतो. आणि स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना २०२४ च्या आदेशानुसार आयएसआय मार्क सक्तीचा झालाय. तुमची वस्तू त्या व्याख्येत बसते का, हे भारतीय मानक ब्युरोकडून आधीच विचारून घ्या.

बांबूचं म्हणाल तर माझा जीव तिकडे जास्त ओढतो. सिंधुदुर्गातला माणगा बांबू सरळ, बिनकाट्याचा आणि बराचसा भरीव. काडी तासायला असा बांबू सोन्यासारखा. कुडाळला बांबूवर काम करणारी कोनबॅक ही संस्था आहे, मेळघाटात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला शासनाचं बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला, तेव्हापासून शेतातला बांबू तोडणं-नेणंही सोपं झालं. म्हणजे कच्चा माल महाराष्ट्रात, हात महाराष्ट्रातले.

पण कारागिराला एक प्रश्न विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका: "याला काय ट्रीटमेंट केली?" फर्निचरच्या बांबूला भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवतात. खुर्चीला ते उत्तम. तोंडात घालायच्या वस्तूला अजिबात नको. खाण्याच्या वस्तूसाठी उकळून, नीट वाळवलेला बांबू मागा. वार्निश, रंग टोकाला नको. रंगवायचं असेल तर हातात धरायचा भाग रंगवा. आणि "बांबू फायबर" म्हणून जे गुळगुळीत, रंगीत सामान मिळतं ते बऱ्याचदा मेलामाइन प्लास्टिकमध्ये मिसळलेली बांबूची भुकटी असते. युरोपात अशा मालावर कारवाई झालीय. त्याला बांबू म्हणून विकू नका.

बांबूचा दुसरा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. जुलैत सानपाड्यात टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे ओल्या काड्या बंद डबीत घातल्या तर चार दिवसांत काळे ठिपके आणि कुबट वास. म्हणून डबीला हवेची भोकं हवीत, किंवा धुता येईल अशी सुती पिशवी द्या. ही गोष्ट स्टीललाही लागू आहे. काडी स्टीलची असली तरी डबीतल्या ओलीत उरलेलं अन्न सडतंच. नमुना मागवाल तेव्हा डबी वेगळी करून घासता येते का, कोपऱ्यात बोट पोचतं का, हे बघा. आणि हलवून बघा. खुळखुळ वाजत असेल तर लोकलच्या प्रवासात मालकालाच त्याचा कंटाळा येईल.

आता ताईंचा हिशोब मांडू. माल १२० ला. त्यावर चमचा, पिशवी, लेबल, वाहतूक धरून ३५. म्हणजे १५५ पडले. पाचशे सेटचे ७७,५००. एमआरपी २९९ ठेवली आणि दुकानदाराने ३० टक्के घेतले तर हातात येतात २०९. जीएसटी यात धरलेलाच नाही, तो तुमच्या सीएंना विचारा. बांबूच्या चॉपस्टिकचा एचएसएन ४४१९१२ आहे, तो सांगितला की त्यांचं काम सोपं होतं. सेटमागे ५४ रुपये उरतात असं दिसतं, पण आधी गुंतवलेले ७७,५०० परत यायला ३७१ सेट विकावे लागतात. आठवड्याला वीस गेले तरी सव्वाचार महिने. तोवर नफा म्हणजे घरात पडलेली खोकी. आणि ती १८ सेंटीमीटरची खोकी!

चाळीस सेट घेतले तर माल महाग पडेल, समजा १७० ला. वरचे ३५ धरून २०५. दुकानातून विकलं तर सेटमागे चार रुपये. हसू नका. स्वतः ओळखीत, सोसायटीच्या प्रदर्शनात २९९ ला विकलं तर ९४ सुटतात, आणि चुकलात तर बुडतील आठ हजार दोनशे. साठ हजारांची आरडी जागेवर राहते.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. पाकिटावर तुमचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, सर्व करांसह एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क छापायचा. आयात माल असेल तर देशाचं नावसुद्धा. आणि "शंभर टक्के इको-फ्रेंडली" असं बिनधास्त छापू नका. ऑक्टोबर २०२४ पासून पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांवर मार्गदर्शक सूचना आहेत, दाव्याला पुरावा लागतो. "धुवून पुन्हा वापरा" लिहा. खरं आहे आणि गिऱ्हाइकाला कळतंही.

ताईंनी त्या दिवशी ऑर्डर दिली नाही. चार वेगवेगळे नमुने मागवले: दोन स्टीलचे, एक आट्यांचा, एक बांबूचा. घरात चौघांना वाटून दिलेत, आणि फ्रिजवर कागद लावलाय. कोणी कधी वापरले, काय खाल्लं, कुठे धुतले, का नाही वापरले. परवा फोन आला. दहावीतल्या मुलाने आट्यांचा सेट दुसऱ्याच दिवशी शाळेच्या डब्यात विसरला, मिस्टर अजून चमच्यानेच जेवतायत आणि सासूबाई बांबूच्या काड्यांनी तळणीतले वडे उलटतायत.

"सर, तळणीसाठी लांब बांबूच्या काड्या कोणी विकतं का हो?"

मी म्हटलं, सासूबाईंना मापं विचारा आणि नमुने मागवा. दोनच.