सामायिक लेथ आणि चकची किल्ली

आमच्या औद्योगिक वर्गांत लेथें दोन आणि विद्यार्थी पुष्कळ. एकाचा तास संपतो न संपतो तोंच दुसरा त्याच यंत्रापुढें येऊन उभा राहतो. स्वतःची सायकल बिघडली तर आपणच पडतों. परंतु सामायिक यंत्रावर एकाच्या विसराची शिक्षा बहुधा दुसऱ्याला भोगावी लागते. विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांनींही हा लेख वाचावा असें आम्हांस वाटतें तें याचसाठीं.

लांकूड कातणारा कातारी आपलें हत्यार हातांत धरतो. धातु कातण्याच्या लेथावर तें सरकत्या बैठकीत घट्ट बसविलेलें असतें. इ. स. १८०० च्या सुमारास इंग्लंडांत हेन्री मॉडस्ले यानें ही रचना सुधारून उत्तम प्रकारें चालवून दाखविली. तिच्यामुळें काम बिनचूक होऊं लागलें, आणि कारागिराचे हात मोकळे झाले. मोकळा हात मात्र स्वस्थ बसत नाहीं. तो लोखंडाचा कीस ओढावयास जातो, फिरत्या दांड्याचा गुळगुळीतपणा चांचपून पाहतो. लेथावरील निम्मी सावधगिरी या मोकळ्या हाताला वळण लावण्यांतच आहे, असें आमचें मत आहे.

मिनिटाला ५०० फेरे घेणारा, ४० मिलिमीटर व्यासाचा दांडा घ्या. त्याचा परीघ सुमारें १२६ मिलिमीटर. पाव सेकंदांत त्याचे दोन फेरे पुरे होतात. म्हणजे बाहीचें टोंक अडकलें तर ‘अरे’ म्हणावयाच्या आंत वीतभर कापड गुंडाळलें जातें, आणि कापडामागून हात जातो. हें गणित फळ्यावर मांडलें कीं वर्ग एकदम गप्प होतो. म्हणून बाह्या कोंपराच्या वर घट्ट दुमडलेल्या असाव्यात. हातमोजे तर मुळींच नकोत. कीस तापलेला व धारदार असतो, तेव्हां मोजे बरे, असें नव्या विद्यार्थ्याला वाटतें. पण अडकलेला मोजा हात घेऊनच जातो. कीस काढावयाचा तो यंत्र थांबवून, आंकड्यानें किंवा ब्रशानें. अंगठी, घड्याळ, राखी, गळ्यांतील ताईत किंवा क्रूसाची सांखळी हीं सर्व तासापुरतीं काढून ठेवावींत. यांत श्रद्धेचा अवमान नाहीं, हें घरच्या वडील माणसांनीं मुलांस समजावून सांगितल्यास आमचें काम हलकें होईल.

केस लांब असतील तर ते बांधून टोपीखालीं घ्यावेत. अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या कार्यशाळेंत २०११ सालीं एका विद्यार्थिनीचे केस लेथांत गुंतले व ती दगावली. ती रात्रीं एकटीच काम करीत होती. यंत्र बंद करावयास जवळ कोणी नव्हतें. आमच्याकडे एकट्यानें लेथ चालविण्यास मनाई आहे ती शिस्तीच्या हौसेनें नव्हे.

आतां सामायिकपणाची खरी गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं दुपारच्या सुट्टीची घंटा झाली आणि एक विद्यार्थी दांडा चकांत अर्धवट आवळून तसाच निघून गेला. किल्ली चकांतच राहिली. पुढच्या तासाच्या मुलानें येतांच लेथ सुरू केलें. किल्ली सुटली ती समोरच्या भिंतीचा गिलावा फोडून खालीं पडली. मुलाच्या कानाजवळून गेली असावी. तो म्हणाला, “सर, किल्ली मी ठेवली नव्हती.” पहिला म्हणाला, “सर, यंत्र मी सुरू केलें नव्हतें.” दोघेही खरें बोलत होते, आणि आम्हीं दोघांनाही दोषी धरलें. खरें सांगावयाचें तर तिसरा दोष आमचाच होता. तासांच्या मध्यें यंत्र पाहण्याची रीत आम्हीं तोंवर घातली नव्हती.

आतां येणारा विद्यार्थी आधीं हातानें चक एक फेरा फिरवून पाहतो. मग वेगाचा दांडा तपासतो. सौम्य पोलादाला हायस्पीड हत्यारानें मिनिटास सुमारें ३० मीटर छेदनवेग पुरे, म्हणजे ५० मिलिमीटरच्या दांड्यास सुमारें १९० फेरे. पण आधींच्या मुलानें पितळेची बारीक सळई कातली असेल तर यंत्र त्याच्या कितीतरी पट वेगावर ठेवलेलें सांपडतें. आपोआप पुढें सरकणारी कॅरेज जोडलेली तर नाहीं ना, हेंही त्यानें पाहिलें पाहिजे. वीज गेली कीं लगेच मुख्य बटण बंद करावें. जुन्या साध्या स्विचचीं यंत्रें वीज परततांच आपण होऊन फिरूं लागतात, आणि त्या वेळीं कोणाचा तरी हात माप घेण्यांत गुंतलेला असतो.

हात सोडतांच चकांतून आपोआप बाहेर पडणारी, स्प्रिंग बसविलेली किल्ली मिळते. आम्हीं ती एका लेथासाठीं घेतली आहे. तरीही चकांत किल्ली असेतोंवर हात तिच्यावरच, ही संवय आम्हीं मोडूं दिलेली नाहीं. दोन्ही किल्ल्यांच्या आकृति भिंतीवरील पाटीवर पांढऱ्या रंगानें काढल्या आहेत. घंटा झाल्यावर एकही आकृति रिकामी दिसली तर वर्ग सुटत नाहीं.