अमीनाबादेत नव्याने आलेल्या घरांसाठी: मूल स्वमग्न असेल तर

ट्रकमध्ये सामान चढवाल तेव्हा मुलाची फाइल मात्र स्वतःच्या हातातल्या पिशवीत ठेवा. आधीच्या गावी झालेल्या तपासण्या, कानाचा रिपोर्ट, थेरपिस्टनी वेळोवेळी लिहिलेले अहवाल, शाळेची पत्रे, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, सगळे एकत्र. इथे नव्या डॉक्टरांपुढे बसले की मुलाची सगळी हकीगत हिंदीत, घाईत, मागे रांग उभी असताना सांगावी लागते आणि आईबापांच्या तोंडून निम्मी राहून जाते.

हे टिपण लखनौत रुळलेल्या मराठी घरांच्या सांगण्यावरून केले आहे. कोणी विटा-आटपाडीकडून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी येऊन सराफ्यात स्थिरावलेले, कोणी रेल्वे, बँक किंवा लष्कराच्या बदलीने आलेले. प्रत्येक घरात एक मूल स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. या घरांचे अनेक बाबतींत एकमेकांशी पटत नाही, पण एका गोष्टीवर सगळ्यांचे एकमत आहे. थेरपी आठवड्यातून काही तास होते, उरलेला वेळ मूल घरात असते. तेव्हा केंद्र शोधायला जितकी मेहनत घ्याल तितकीच घर लावायला घ्या.

आधी कागदपत्रे. महाराष्ट्रात काढलेले दिव्यांगत्व प्रमाणपत्र इथे चालते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश २१ प्रकारांमध्ये आहे आणि त्या कायद्याखालचे प्रमाणपत्र देशभर वैध असते. एखाद्या खिडकीवर ‘यहाँ का बनवाइए’ असे ऐकावे लागेल. वाद घालू नका, कायद्याची ती ओळ छापून फाइलीत ठेवा आणि पुढे करा. यूडीआयडी पोर्टलवर पत्ता तेवढा बदलून घ्या. लहान वयात दिलेले प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते असते, त्याची मुदत लखनौत असतानाच संपणार असेल तर तीन-चार महिने आधी हालचाल सुरू करा. आणि बदलीचा हुकूम अजून हातात पडला नसेल, तुम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत असाल, तर हेही माहीत असू द्या: दिव्यांग मुलाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदल्यांतून सूट मिळू शकते. कार्मिक विभागाने २०१४ मध्ये तसा आदेश काढला, ऑटिझमचा त्यात समावेश आहे. दोन घरांना हे इथे आल्यावर कळले.

ज्यांच्या मुलाची तपासणीच व्हायची आहे त्यांच्यासाठी थोडे वेगळे. वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळून बघत नाही, दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आलेले शब्द गेले, असे काही दिसत असेल तर ‘मुलगे उशिरा बोलतात’ या दिलाशावर वर्ष घालवू नका. हा दिलासा सांगलीतही मिळतो आणि लखनौतही, तितक्याच प्रेमाने. पहिली तपासणी कानाची. मग किंग जॉर्ज मेडिकल युनिव्हर्सिटी. तिला इथे सगळे नुसते ‘मेडिकल कॉलेज’ म्हणतात. चौकाजवळ आहे, अमीनाबादहून लांब नाही. तिथल्या मानसोपचार विभागात लहान मुलांना आणि किशोरांना पाहणारे डॉक्टर आहेत. सकाळी लवकर पोहोचा आणि दोघे मोठे जा, एक रांगेत, एक मुलासोबत बाहेर मोकळ्यावर. तासभर रांगेत उभे राहून दमलेले, रडून थकलेले मूल डॉक्टरांनी पाहिले तर त्यांना तुमचे मूल कळत नाही. घरातले दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या: जेवताना, खेळताना, पाहुणे आल्यावर. निदानाच्या वेळी तुम्हाला बरेच प्रश्न विचारतील, त्यात ‘इसा’ नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी असते. तिच्यात ७० किंवा त्याहून जास्त गुण आले की ऑटिझम धरतात आणि प्रमाणपत्रातली टक्केवारीही त्याच गुणांवरून ठरते. उत्तरे देताना मुलाचा सर्वात चांगला दिवस आठवू नका, नेहमीचा दिवस आठवा.

थेरपीसाठी सरकारी वाट मोहान रोडकडे जाते. केंद्र सरकारचे संमिश्र प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी, तिथे आहे आणि डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठही. अमीनाबादहून हे अंतर मोठे आहे, रोज झेपणारे नाही. बरीच घरे सुरुवातीची तपासणी आणि मधून मधून सल्ला तिथे घेतात आणि रोजच्या सरावासाठी जवळचा खासगी थेरपिस्ट गाठतात. खासगीत जाताना एक विचारणा न संकोचता करा: भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक आहे का? स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना तो असतो. दुसरी विचारणा: सत्र चालू असताना आईला आत बसू देता का? दार लावून घेणाऱ्या, घरी काय करायचे ते न सांगणाऱ्या जागी पैसे आणि महिने दोन्ही जातात.

आता भाषा. यावर सगळ्यात जास्त बोलणे झाले.

इथे थेरपी हिंदीत, शाळा इंग्रजीत आणि घर मराठीत. ‘बच्चा कन्फ्यूज हो रहा है, घर में भी हिंदी बोलिए’ हा सल्ला तुम्हाला चांगल्या हेतूने कोणी ना कोणी देईलच. गलाईवाल्या एका घराने तो दोन वर्षे पाळला. आईचे हिंदी बाजारातले, त्यामुळे मुलाशी तिचे बोलणे ‘आओ, बैठो, खाओ, चलो’ एवढ्यावर आले. झोपवतानाची गाणी बंद झाली, लाडाने रागावणे बंद झाले. गावाकडून आजीचा फोन आला की मूल स्पीकरकडे नुसते बघत राही. शेवटी आईनेच ठरवले आणि मराठी परत सुरू केली. कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी दोन भाषांच्या घरांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची एका भाषेतल्या मुलांशी तुलना केली, तेव्हा दुसऱ्या भाषेमुळे मुले जास्त मागे पडल्याचे दिसले नाही. आईला ज्या भाषेत सहज बोलता येते त्या भाषेत मुलाला जास्त बोलणे ऐकायला मिळते, हे तर संशोधनाशिवायही कळते. तेव्हा मराठी सोडू नका. अगदी न बोलणाऱ्या मुलाशीही मराठीतच बोला. चित्रांची कार्डे वापरत असाल तर चित्राखाली घरी मराठी शब्द लिहा आणि शाळेसाठीच्या संचावर हिंदी.

मात्र एक काम तुम्हाला करावे लागेल. मुलाच्या शब्दांचे आणि खुणांचे एक पान तयार करा, समोर हिंदी अर्थ लिहा, त्याच्या प्रती शिक्षिका, थेरपिस्ट, व्हॅनचे ड्रायव्हर आणि खालच्या मजल्यावरच्या आंटी यांना द्या. पुरे, लागलं, शू, गार, नको, कान झाकणे म्हणजे काय, पाठ दारावर आपटणे म्हणजे काय. पहिलीतला एक मुलगा सबंध जानेवारी वर्गात ‘चावतंय’ म्हणत होता. बाईंना वाटे भूक लागली, त्या डबा उघडून द्यायच्या, तो डबा ढकलायचा. त्याला टोचत होती ती लोकरी स्वेटरची कॉलर. आईने आतून मऊ सुती पट्टी शिवली आणि प्रश्न मिटला.

लोकरीचा हा त्रास कोकणातून, मुंबईतून येणाऱ्यांनी आधीच मनात धरावा. तिथल्या मुलाने कानटोपी कधी पाहिलेली नसते. दिवाळी झाली की लगेच थोडा थोडा वेळ घालायची सवय लावा. थंडीत दुसरीही अडचण येते. धुके आणि कडाका वाढला की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने शाळा बंद होतात किंवा वेळ बदलते, तेही आदल्या संध्याकाळी. रोजचा क्रम मोडला की बिथरणाऱ्या मुलासाठी हे फार जड जाते. म्हणून भिंतीवर दिवसाचा चित्रतक्ता लावत असाल तर ‘आज शाळा नाही’ हे चित्र नोव्हेंबरातच तयार ठेवा आणि त्या दिवशी काय होणार, याचा पर्यायी तक्ताही.

राहायला अमीनाबादच्या आसपासच जागा मिळाली असेल तर घर बघताना खोल्यांआधी आवाज बघा. ई-रिक्षांचे हॉर्न, दुकानांचे शटर, फेरीवाल्यांच्या हाका, अत्तराचा आणि तळणाचा वास, हे सगळे एकदम अंगावर येते. गडबडझाला बाजारातल्या बांगड्यांच्या गल्लीत तर मोठ्या माणसालाही वाट काढावी लागते. रस्त्याकडची खोली मुलाला देऊ नका, मागची द्या, लहान असली तरी. मुलाला बाजार दाखवायचा असेल तर दुकाने उघडायच्या आधी सकाळी न्या, एकाच रस्त्याने, रोज थोडे पुढे. गुरुवारी पक्की दुकाने बंद असतात, पण म्हणून शांतता असेल असे समजू नका, त्या दिवशी रस्त्यावरच बाजार मांडलेला असतो. मोकळे धावायला कैसरबागेकडची बेगम हजरत महल पार्क किंवा रेसिडेन्सीची हिरवळ बरी, दोन्ही जवळ आहेत.

छत ही इथली वेगळी काळजी. जुन्या घरांची छते एकमेकांना लागून असतात, कठडे बुटके. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला इथे जमघट म्हणतात, सगळे शहर छतावर पतंग उडवते. आभाळाकडे बघत मागे मागे सरकणारे मूल आणि गुडघ्याएवढा कठडा, हे एकत्र येऊ देऊ नका. छताच्या दाराला वर, मुलाच्या हाताबाहेर, कडी बसवा, घरमालकाशी पहिल्याच दिवशी बोलून. आणि मुलाच्या हातात किंवा गळ्यात नाव, तुमचा फोन नंबर आणि ‘मैं बोल नहीं पाता, मेरे घर फ़ोन कीजिए’ एवढे हिंदीत लिहिलेले काहीतरी कायम असू द्या. मूल हरवले तर शोधत फिरण्याआधी ११२ ला फोन करा.

सणांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर करा. ज्येष्ठातले मंगळवार, म्हणजे इथला बडा मंगल, जागोजागी भंडारे आणि भोंगे घेऊन येतो. मोहर्रमच्या मिरवणुका जुन्या शहरातून निघतात. होळीला ओळखी-अनोळखी माणसे चेहऱ्याला रंग लावतात, हे मुलाला महिनाभर आधी चित्रांतून दाखवा किंवा त्या दिवशी सरळ घरी राहा. आपल्या मराठी मंडळींच्या गणपतीला जायचे असेल तर आरतीची वेळ टाळून दुपारी जा, मूर्तीपुढे शांत बसता येते. ढोल-ताशा ऐकलाच पाहिजे असे काही नाही. कान झाकणारे हेडफोन लावून मांडवात बसलेल्या मुलाकडे कोणी वळून बघितले तर बघू द्या.

शाळेबाबत थोडक्यात. कायद्याने ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मान्यताप्राप्त शाळेने दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारला तर लेखी कारण मागा आणि राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करा, ते कार्यालय लखनौतच आहे. गोमतीनगरमध्ये स्टडी हॉल शाळेचा विशेष गरजांच्या मुलांसाठीचा ‘दोस्ती’ विभाग आहे, अलीगंजमध्ये ‘चेतना’ ही संस्था आहे. स्वतः जाऊन, मुलासह अर्धा दिवस बसून बघा. सीबीएसईच्या शाळेत असाल तर तिसऱ्या भाषेतून सूट, जादा वेळ, लेखनिक या सवलती आहेत. नियमित शाळा झेपत नसेल तर एनआयओएसचा, म्हणजे मुक्त शाळेचा मार्ग आहे आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही.

उपायांच्या जाहिरातींबद्दल मात्र स्पष्ट बोलू. ऑटिझम ‘मुळापासून बरा’ करण्याचे औषध, काढा, आहार किंवा इंजेक्शन नाही. स्टेम सेलसाठी घरे-दागिने विकलेली माणसे आम्हाला माहीत आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असेच सांगितले आहे. लसींमुळे ऑटिझम होतो हा समज ज्या शोधनिबंधाने पसरला तो ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. मुलाच्या राहिलेल्या लसी लखनौत पूर्ण करून घ्या.

पैशांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना घ्या. १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. आयकराच्या जुन्या पद्धतीत अशा मुलासाठी ७५ हजारांची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असल्यास सव्वा लाखाची. आणि आईबापांपैकी कोणाला रात्र रात्र झोप लागत नसेल, जीव नकोसा होत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, भाषा निवडता येते. हे बोलायला इथे शेजारी बहीण-भाऊ नसतात, म्हणून लिहिले.

शेवटची गोष्ट सगळे पुढे ढकलतात. मूल १८ वर्षांचे झाले की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक, शस्त्रक्रियेची संमती, मालमत्ता, सगळीकडे त्यामुळे अडते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. ती समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. आईवडील अर्ज करू शकतात, नातेवाईकही. समिती जिल्ह्याची असल्यामुळे मूल पुढे कुठे राहणार, लखनौत की गावी, हे आधी ठरवावे लागते. सराफ्यातल्या एका घरात वडील, आई आणि पुण्यात नोकरी करणारी थोरली बहीण या तिघांनी मुलाच्या सतराव्या वर्षीच बसून हे बोलून घेतले. बहीण म्हणाली, आत्ता तुम्ही दोघे पालक राहा, पण भाऊ पुढे माझ्याकडे येणार हे त्याला आत्तापासून कळू दे. तेव्हापासून तो दर उन्हाळ्यात तिच्याकडे काही आठवडे राहायला जातो आणि तिच्या भिंतीवरही तोच चित्रतक्ता लावलेला आहे.